चातुर्मासातली पेरणी : नाशिकच्या एका लॉन्सवरचं विरळ गवत

नाशिकमध्ये 'लॉन्स' म्हणजे गवत नव्हे, लग्नाची जागा. "लग्न कुठंय?" "अमुक लॉन्सला." पत्रिकेवर तसंच छापलेलं असतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पाटीवर हिरवळ, वेबसाइटवरच्या फोटोत हिरवळ, आणि प्रत्यक्षात हिरवी मॅट अंथरलेली भुई. मॅटखाली काय उरलंय हे फक्त मंडपवाल्याला ठाऊक असतं.

लॉन आणि मैदानांच्या देखभालीची कामं मी घेतो. मखमलाबादच्या बाजूच्या एका लॉन्सचं हे प्रकरण. मालकांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणतो. जुनं द्राक्षाचं घराणं. बाग कमी करून पुढच्या तुकड्यात लॉन्स काढलं. गवताखालचं क्षेत्र 10 गुंठे, म्हणजे साधारण 1,012 चौरस मीटर. मे महिन्यात त्यांचा फोन आला, "भाऊ, एका वधूपित्यानं मॅट उचलून पाहिली. म्हणाला, लॉन्सचे पैसे घेता, लॉन कुठंय?"

त्याआधीच्या पावसाळ्यात नानांनी स्वतः एक प्रयत्न करून पाहिला होता. बर्म्युडा गवताचं 8 किलो बी आणून माळीमामांकडून सगळ्या मैदानावर फोकून, म्हणजे हाताने नुसतं विखरून घेतलं. दुसऱ्या रात्री जोराचा पाऊस झाला. बी वाहत जाऊन कुंपणाच्या भिंतीलगतच्या नाल्याच्या कडेला थांबलं. आजही तिथं वीतभर रुंदीची, चाळीस फूट लांब, डोळे निवतील अशी दाट पट्टी आहे. तिच्यावरून कुणी चालत नाही, तिच्यावर खुर्ची ठेवत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नाना मला आधी तीच दाखवायला घेऊन गेले. "बी खराब नव्हतं बरं का," म्हणाले. खरंच नव्हतं. पण त्या पट्टीकडे पाहून माझं निम्मं निदान तिथंच झालं: बी उगवतं, जमिनीत थांबत नाही.

बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, आणि गणपतीला वाहतो त्या दूर्वाही हीच. लॉनसाठी निवडलेल्या जाती पानाला बारीक आणि ठेंगण्या असतात, इतकाच फरक. नानांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. "वडिलांनी बागेतली हरळी काढता काढता कंबर मोडून घेतली, अन् मी तिचंच बी किलोनं आणायचं!" सल्ला म्हणून नर्सरीवाल्यांनी त्यांना मेक्सिकन लॉनच्या मातीसकट चौकोनी गाद्या टाकायला सांगितलं होतं. बंगल्याच्या अंगणाला ते ठीक आहे. आठवड्याला दोन कार्यं, प्रत्येकाला आठशे खुर्च्या, अशा जागी मला हरळीच बरी वाटते. ती जमिनीवरून धावते, जमिनीखालूनही धावते, आणि वरचं सगळं तुडवलं गेलं तरी खालच्या कांड्यांतून परत फुटते. ज्या गुणामुळे ती शेतात वैरीण ठरली, तोच गुण इथे कामाला येतो.

मोजणी

डोळ्यांनी पाहून "अर्धं गेलंय" म्हणण्यावर माझा विश्वास नाही, कारण ते मालकाच्या मूडवर ठरतं. पीव्हीसी पाइपची अर्ध्या मीटरची चौकट करून तिच्यात आडव्या-उभ्या दहा-दहा दोऱ्या ताणल्या. शंभर छेद झाले. चौकट पाठमोरं उभं राहून मागे फेकायची, आणि किती छेदांखाली जिवंत हरळी आहे ते मोजायचं. अशा वीस जागा घेतल्या. मधल्या मोठ्या भागात सरासरी 54 आली. स्टेजसमोर 16. जेवणाच्या बाजूला 9. कोपऱ्यातल्या रेन ट्रीखाली 12, आणि तीही पिवळी, पाय पसरून सूर्य शोधणारी.

आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा, की चांगलं गवत निम्म्याच्या वर असेल तर त्यातच बी पेरून भरून काढावं. फारच खाली असेल तर सगळं काढून नव्याने लावावं. मधला भाग जेमतेम वर होता. स्टेजसमोरचा नव्हता, पण तो लहान होता म्हणून बरोबरच ओढायचं ठरवलं.

मग पेचकस. लांब स्क्रू ड्रायव्हर अंगठ्याच्या जोरावर जमिनीत कुठवर जातो ते पाहायचं. ओल असतानाही मधल्या भागात तो चार बोटं गेला, स्टेजसमोर नखभर. मंडपवाल्याचा टेम्पो तिथपर्यंत मागे येतो, हे नाना सांगायला विसरले होते. चाकांच्या खुणा मात्र विसरल्या नव्हत्या.

जेवणाच्या बाजूची गोष्ट वेगळी. तिथे जमिनीवर जवळजवळ कंपासने काढावेत तसे गोल डाग होते, अडीच-तीन फुटांचे. जिलेबीच्या भट्टीचे. उष्णतेनं मुळं मेली, वर सांडलेल्या तुपातेलानं माती अशी झाली होती की तांब्याभर पाणी ओतलं तर थेंब मण्यांसारखे घरंगळत बाजूला जात. आइस्क्रीमच्या ठेल्याजवळ बर्फातलं मीठ मुरलेलं. तिथं मी बी पेरायला सरळ नकार दिला. तेवढा भाग कायमचा पेवर ब्लॉकला द्या म्हटलं. रेन ट्रीखालीही तसंच. हरळीला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन लागतं, सावलीत तिचं काही चालत नाही. नानांना झाडाखाली गवत हवंच होतं, फोटो तिथे चांगले येतात म्हणून. यावर आमचे दोन दिवस गेले. शेवटी तिथे खडी आणि कुंड्या ठरल्या. दोन्ही तुकडे वजा करून पेरायला 800 चौरस मीटर उरले.

आणि एक गोष्ट, जिनं पुढे आम्हाला फार त्रास दिला. मैदान दिसायला एक, पण जमिनी दोन होत्या. रस्त्याकडचा निम्मा भाग भराव होता, मुरमावर त्र्यंबककडून आणलेली लाल माती. मागचा निम्मा मूळ बागेची काळी. माती परीक्षणात काळीचा सामू (pH) 8.1 आला, सेंद्रिय कर्ब कमी. नाशिकच्या काळ्या जमिनीला हे नवीन नाही.

वेळेचं गणित

हरळी उन्हाळी गवत आहे. तिचं बी जमीन गरम असताना उगवतं. मातीचं तापमान विशीच्या वर हवं, पंचवीस ते पस्तीसमध्ये ती खुलते. नाशिकला नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्री गार पडायला लागतात, डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि हरळी झोपते. म्हणजे जे उगवायचं, पसरायचं आणि मुळं धरायची, ते ऑक्टोबर संपायच्या आत.

दुसरीकडे लॉन्सचं पंचांग. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, तुळशीची लग्नं लागेपर्यंत माणसांची लागत नाहीत. 2025 मध्ये आषाढी 6 जुलैला होती, आणि जूनमध्येच गुरूचा अस्त झाल्यानं मुहूर्त त्याआधीच संपले होते. कार्तिकी 2 नोव्हेंबरला. जमिनीला ऊब आहे, पाऊस आहे, आणि वर खुर्ची नाही: हे तिन्ही एकत्र येणारे साडेतीन-चार महिने पंचांगानेच काढून ठेवले आहेत. एप्रिल-मेमध्ये ऊब असते पण रोज वरात असते. लॉन्सवाले नेमके दिवाळीनंतर, पहिल्या बुकिंगच्या तोंडावर फोन करतात, "आठ दिवसांत हिरवं करून द्या." तेव्हा हिरवा रंग मारून देता येईल फक्त.

खिळे, अक्षता आणि एक वाकलेली थाळी

उभ्या गवतातच चिरा पाडून बी पेरणारं यंत्र म्हणजे सीडर. तो आमच्याकडे सहज मिळत नाही. मैदानांची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या ठेकेदाराकडून मी तो भाड्याने आणला. पेट्रोल इंजिन, ढकलत न्यायचं. पुढे लोखंडी थाळ्यांची रांग, एकमेकींपासून सुमारे 5 सेंटीमीटरवर. या उभ्या फिरतात आणि जमिनीत बारीक चिरा पाडतात. वर बियाण्याची पेटी, तिच्या तळाला कमी-जास्त करायची फट, तिथून नळ्यांतून बी चिरेवर पडतं आणि मागचा रोलर ती दाबून घेतो. माळीमामांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, पेटीत हात घातला, थाळ्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाभर हाये ही. बैल आत हायेत, येवढंच."

याहून चांगली व्याख्या मला आजवर कुणी दिलेली नाही. पाभर म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार. फण, मुठीने बी सोडायचं चाडं, नळ्या, सगळं इथेही जागच्या जागी. फोकलेल्या बियाण्याला माती नीट लागत नाही. वरच्यावर सुकतं, वाहतं, चिमण्या-होले टिपतात, मुंग्या ओढून नेतात. चिरेत पडलेल्या बियाण्याला तिन्ही बाजूंनी माती भिडते. पाभरीची सगळी करामत तीच, आणि सीडरचीही तीच. पण मग पाभरीचे नियमही त्याला लागू होतात, हे मशीन भाड्यावर आणणारे विसरतात.

पेरणीआधी गवत अगदी खाली, दीडेक सेंटीमीटरवर कापलं, आणि पंजाने मेलेल्या काड्यांचा थर ओरबाडून काढला. तो थर राहिला तर थाळी त्यातच फिरते, मातीला पोचत नाही. ओरबाडताना जे निघालं ते पाहण्यासारखं होतं. मंडपवाल्यांच्या लोखंडी खुंट्या, खिळे, सेफ्टी पिना, बाटल्यांची बुचं, मुंडावळ्यांचे मणी, एक पैंजण, आणि अक्षता तर ठायी ठायी. खुंट्या-खिळेच दोन घमेली भरले. नंतर जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून मामांच्या नातवाने सगळ्या मैदानावर फिरवलं आणि अजून अर्धं घमेलं काढलं. तरी एक खुंटी गवताच्या आत तोंड खुपसून राहिलीच. पेरणीच्या दिवशी खण्णकन आवाज आला, एक थाळी वाकली, आणि तिचे पैसे मी भरले. पेरणी आठवड्यावर आली असताना पुन्हा चुंबक फिरवायचा कंटाळा केला होता, तो असा महागात पडला.

स्टेजसमोरचा टणक भाग आधी मोकळा केला. पायाने दाबायच्या पोकळ नळ्यांच्या काट्याने वीतभर अंतरावर भोकं पाडून मातीच्या कांड्या बाहेर काढल्या. तीन माणसं, दीड दिवस. हे काम कुणाला दिसत नाही आणि बिलात सगळ्यात जास्त खुपतं. पण नखभर पेचकस जाणाऱ्या जमिनीत 5 मिलिमीटरची चीर पाडून काय होणार? बी उगवेल, मूळ खाली टेकेल आणि तिथेच थांबेल. सगळीकडे सिंगल सुपर फॉस्फेट खताचा हात मारला आणि पावसाने थोडी उघडीप द्यायची वाट पाहत बसलो.

चाड्यावरची मूठ

बियाण्याच्या पिशवीवर दोन गोष्टी पाहायच्या. टरफल काढलेलं आहे का, आणि लेप लावलेलं आहे का. टरफलासकटचं बी उशिरा उगवतं. लेप लावलेल्यात जवळजवळ निम्मं वजन लेपाचंच असतं, म्हणजे किलोला अर्धाच किलो बी. आम्ही टरफल काढलेलं, बिनलेपाचं घेतलं. ते खसखशीएवढं असतं. एका ग्रॅममध्ये चार हजारांच्या वर दाणे. त्यातले शंभर मोजून ओल्या गोणपाटावर ठेवले, सोयाबीनची उगवण तपासतात तसे, फक्त चिमट्याने आणि चष्मा लावून. दहाव्या दिवशी 78 उगवले. चौरस मीटरला 6 ग्रॅमचं प्रमाण धरलं, म्हणजे 800 मीटरला 4.8 किलो. आदल्या वर्षी 8 किलो गेलं होतं.

आता हे खसखशीएवढं बी पेटीच्या फटीतून नेमकं 6 ग्रॅमच कसं पडावं? फटीवरचे आकडे मोठ्या दाण्याच्या विलायती गवतांसाठी केलेले. सगळ्यात बारीक फटीलाही बी धो धो सुटत होतं. मामा म्हणाले, "तिळात वाळू मिसळतो तशी मिसळा." मिसळली. पेटी भरून मशीन चालू केलं, आणि इंजिनाच्या थरथरीने पाच मिनिटांत वाळू तळाला आणि बी वर. हाताने पेरताना ही अडचण येत नाही, कारण मूठ थरथरत नाही. मग वाळवून बारीक चाळलेलं गांडूळखत घेतलं, एका भागाला तीन भाग. ते बियाण्याला धरून राहतं.

ताडपत्री अंथरली. थाळ्या वर उचलून तिच्यावरून मशीन बरोबर 10 मीटर चालवलं. रुंदी अर्धा मीटर, म्हणजे 5 चौरस मीटर. दोन फेऱ्यांत पेरायचं होतं, म्हणून एका फेरीला मीटरमागे 3 ग्रॅम बी, खतासकट 12. पाच मीटरला 60 ग्रॅम पडायला हवं. पडलेलं झाडून किचनच्या काट्यावर ठेवलं तर 140. फट आवळली, 95. आणखी आवळली तर एका नळीतून काहीच येईना. खताचा एक खडा अडकला होता. तो काढून पुन्हा, 62. या सगळ्यात सकाळ गेली. नाना दोनदा येऊन विचारून गेले, "सुरू कधी करताय?" मामा मात्र खुश होते. त्यांच्या लेखी पेरणी तेव्हाच सुरू झाली होती. चाड्यावर मूठ धरायला ते त्यांच्या आजोबांकडून शिकले, आणि पहिल्या दोन वर्षांत आजोबांनी त्यांना चाड्याला हात लावू दिला नव्हता.

वाफसा

22 जुलैला लाल पट्ट्यात वाफसा आला, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी पेरण्याजोगी ओल. मूठभर माती दाबून लाडू केला, कमरेच्या उंचीवरून टाकला, फुटला. त्याच सकाळी पन्नास पावलांवर काळ्यात केलेला लाडू आपटून चपटा झाला, फुटला नाही. लाल पट्टा त्या दिवशी उरकला. पहिली फेरी सरळ, दुसरी तिरकी, म्हणजे चिरांच्या शंकरपाळ्या होतात आणि उघडी पट्टी राहत नाही. रस्त्याकडच्या उतारावर इगतपुरीकडून आणलेला भाताचा पेंढा पातळ पसरला.

नानांचा आग्रह होता की मशीन आलंच आहे तर काळीही करून टाका, एक दिवसाचं भाडं वाचेल. मी एक ओळ करून दाखवली. थाळ्यांना काळा गोळा चिकटला, चिरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत झाल्या आणि नळ्यांची तोंडं चिखलाने बुजली. अशी चीर वाळली की उघडीच राहते, बी कडेला टांगलेलं. ओळ पाहून नाना काही बोलले नाहीत.

काळीत वाफसा आला तो 29 जुलैला. नागपंचमी! मामांनी मशीनला हात लावायला साफ नकार दिला. आज जमीन खणायची नाही, चिरायची नाही. मी म्हटलं, चीर तर बोटाच्या पेराइतकीही नाही. ते म्हणाले, "नागाला काय माप सांगणार का?" मी एकटा चालवू शकलो असतो. चालवलं नाही. पिढ्यानपिढ्या पाभर धरणाऱ्या माणसासमोर मला ते बरं वाटेना. रात्री पाऊस आला आणि काळी पुन्हा चिखल झाली. ती शेवटी 3 ऑगस्टला पेरली, वाफसा जेमतेम, मागचा खोलगट कोपरा तर ओलाच होता. तिथे जे पुढे झालं त्याला नागपंचमी जबाबदार नाही. त्या कोपऱ्याला चर काढायला मी आधीच सांगायला हवं होतं.

उगवण

लाल पट्ट्यात आठव्या दिवशी केसासारखे कोंब दिसले, काळीत अकराव्या. दोन आठवड्यांनी वहीच्या रेघांसारख्या हिरव्या ओळी स्पष्ट झाल्या आणि नाना घाबरले. "हे तर शेत दिसतंय, लॉन कुठं दिसतंय?" ओळींच्या मधलं अंतर बी भरत नाही, धावती खोडं भरतात, त्याला पाच-सहा आठवडे द्यावे लागतात हे मी तीनदा सांगितलं. पेंढ्याखालून काही ठिकाणी भाताची रोपं वर आली. मामांच्या नातवाला वाटलं अक्षता उगवल्या! साल काढलेल्या तांदळाचा कोंबच गिरणीत गेलेला असतो, तो कसा उगवेल. पेंढ्यात राहिलेल्या साळी होत्या त्या. उपटून टाकल्या.

ऑगस्टमध्ये पाऊस आठ दिवस गेला तेव्हा दिवसातून तीनदा हलकं पाणी दिलं, फक्त वरचा थर ओला राहील इतकं. त्यानंतर कमी वेळा आणि खोल. 5 सेंटीमीटर उंची झाल्यावर पहिली कापणी, एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. मग अमोनियम सल्फेटचा एक हप्ता. चुनखडीच्या काळ्या जमिनीत युरियापेक्षा मला ते बरं वाटतं.

आता माझी चूक. भोकं पाडल्यामुळे आणि चिरांमुळे काळीत लव्हाळा हे चिवट तण उसळलं. कोवळ्या गवतावर तणनाशक मारता येत नाही, म्हणून खुरपायला दोन बाया बोलावल्या. कांद्याच्या शेतांत निंदणी करणाऱ्या, हात विजेसारखे चालणारे. सकाळी "गवत साफ करायचंय" एवढंच सांगून मी गंगापूर रोडला दुसऱ्या कामावर गेलो. अकराला परत आलो तर त्यांनी तीन पट्ट्यांतून हरळी कांडीसकट काढून बांधावर ढीग घातला होता. लव्हाळाही काढला होता, पण हरळी आधी. "हरळीच काढत्यात ना भाऊ?" एकीनं विचारलं. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. ढीग तसाच उचलला, कांड्या दोन-दोन पेरांच्या तोडल्या आणि मागच्या ओल्या कोपऱ्यात, जिथे बी कुजून गेलं होतं, तिथे त्याच बायांकडून लावून घेतल्या. हरळी लावायची मजुरी आयुष्यात पहिल्यांदा मिळाली, म्हणून त्या दिवसभर हसत होत्या. गणेश चतुर्थीला, 27 ऑगस्टला, त्या दोघी दूर्वा न्यायला आल्या. मी सोडून सगळ्यांनी हो म्हटलं.

सप्टेंबरच्या मध्यावर एका वाढदिवसासाठी नानांनी जागा दिली. मी नको म्हटलं होतं. "लग्न थोडंच आहे, दोनशेच माणसं." मॅट शनिवारी दुपारी अंथरली, सोमवारी सकाळी उचलली. खालचं गवत पिवळं, चिकट, आणि खुर्च्यांच्या पायांचे चार-चार खड्डे रांगेने. लाल भागातलं दोन आठवड्यांत सावरलं. काळीतलं, जे बारा दिवसांनी लहान होतं, महिनाभर रुसून बसलं. उपदेशाने जे झालं नसतं ते या एका वाढदिवसाने झालं. आता करारात कलम आहे: मॅट त्याच रात्री उठली पाहिजे, भट्टी पेवरवरच, टेम्पो फाटकापाशी थांबेल, आणि स्टेज दर दोन महिन्यांनी पंधरा फूट सरकेल. शेवटचं कलम डेकोरेशनवाल्यांना आवडत नाही, कारण त्यांच्या वायरी मोजून कापलेल्या असतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तीच चौकट, वीस फेकी. लाल भागात 91, काळीच्या मधल्या भागात 82, स्टेजसमोर 61. मागचा कोपरा 40, आणि त्यातलं बरंचसं श्रेय उपटलेल्या कांड्यांचं. एकूण खर्चात मशीनच्या भाड्याचा वाटा पाचवा हिस्साही नव्हता. सगळा पैसा साफसफाई, भोकं आणि खुरपणीत गेला. डिसेंबरात थंडीनं रंग उतरला तेव्हा नानांनी हिवाळी राय गवत वरून पेरायचं काढलं. मी टाळलं. राय दिसतं सुंदर, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये हरळी जागी होऊ लागते तेव्हा तिच्या वाटचं ऊन-पाणी तेच खातं, आणि पहिल्याच वर्षीच्या मुळांवर मला तो भार नको होता. फक्त स्टेजसमोर चार फुटांची पट्टी करून दिली, फोटोपुरती.

मागच्या कोपऱ्याचा चर राहिलाय. त्याला कोरडी जमीन हवी आणि मोकळं मैदान हवं, म्हणजे पुन्हा पंचांगच. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून. अधिकात लग्नं नाहीत आणि पाऊस अजून यायचा असतो. याहून चांगला महिना मिळणार नाही म्हणून मी जानेवारीतच नानांना तारखा कळवल्या. त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. लग्न एकही नव्हतं. धोंड्याच्या जेवणाची तीन बुकिंगं होती, सगळी मागच्या कोपऱ्यात, सावली असते म्हणून.